ग्रामसभेत दुसरा आवाज कुठून आणायचा?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की आमच्या विदर्भातल्या गावागावांत एक चढाओढ सुरू होते. गाव बिनविरोध करायचं. मारोतीच्या पारावर नाहीतर समाजमंदिरात बैठक बसते. वजनदार पाच-सात जण पुढे, बाकीचे मागे उभे. रात्री उशिरा नावं ठरतात, अर्ज मागे घेतले जातात, गुलाल उधळला जातो आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, तेव्हा काही आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना लाखांचा निधी जाहीर केला होता. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. पैसा बोलला, म्हणून तो पकडता आला. जिथे नुसती भीड बोलली, तिथल्या बिनविरोधाची चौकशी कोण करणार?

बिनविरोध होणं आमच्याकडे गावाच्या शहाणपणाचा दाखला समजलं जातं. मला ते पटत नाही. गाव खरोखर एका मताचं असणं आणि गावात दुसरं मत उच्चारायची सोय नसणं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. फोटोत तर काहीच फरक नसतो. फरक तपासावा लागतो आणि तो तपासायची पद्धत आपण ठेवलेली नाही. ती ठेवावी, बिनविरोध गावाला बक्षीस देणं थांबवावं आणि अवघड विषयावर ग्रामसभेत हात वर करायच्या आधी चिठ्ठीवर मत घ्यावं, असं माझं म्हणणं आहे.

चारचौघांत माणूस स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं कसं नाकारतो, हे सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास अमेरिकेत दाखवून दिलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब, एवढंच मोठ्यानं सांगायचं. खोलीत सात-आठ जण असत. त्यांतल्या एकालाच खरा प्रकार माहीत नसे, बाकीचे सगळे आधी पढवलेले. ते एकापाठोपाठ एक चुकीची रेघ सांगत आणि मग या माणसाची पाळी येई. एकट्यानं उत्तर द्यायचं असलं तर शंभरात एखादीसुद्धा चूक होत नसे, इतकं ते सोपं होतं. पण त्या बैठकीत सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या बहुमतामागे गेली, आणि चारांतले तिघे निदान एकदा तरी वाकले. समोर एकमतानं बोलणारी तीन माणसं असली की दबाव जवळजवळ पूर्ण होतो, पुढे संख्या वाढवून फारसा फरक पडत नाही, हेही ॲशला दिसलं. आमच्या बैठकीत पुढच्या ओळीत किती जण बसतात ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

त्याच प्रयोगातल्या आणखी दोन गोष्टी मला या आकड्यांहून मोलाच्या वाटतात. पढवलेल्यांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी चुका चौथाईवर आल्या. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहू दिलं, तर बहुमताचा जोर बराच ओसरला. माणूस तोच, रेघा त्याच. शेजारी एक सोबती मिळाला किंवा आडोसा मिळाला, एवढंच बदललं होतं.

ते सगळे कॉलेजातले तरुण होते. प्रयोग संपला की आपापल्या वाटेनं जाणारे. त्यांना एकमेकांच्या बांधावरून चालायचं नव्हतं. गावात ज्याच्या विरोधात बोलायचं, त्याच्याच वावरातून आपल्या वावराची वाट जाते. पेरणीला ट्रॅक्टर त्याचा, सोयाबीन काढायला थ्रेशर त्याच्या साडभावाचं, पोरीच्या सोयरिकीत शब्द टाकणाराही तोच. त्यानं पांदण अडवली तर पावसाळ्यात खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात. बाहेरून येणारे पाहुणे 'लोकांत जागृतीच नाही' म्हणतात, तेव्हा मला राग येतो. माणसांना सगळं कळतं. बोलण्याची किंमत काय आहे, तेही नीट कळतं. रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतले ॲशच्या धर्तीवरचे १३३ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा समूहाला धरून जगणाऱ्या समाजांत हा कल जास्त असल्याचं आढळलं. त्यात कमीपणा कसला? एकमेकांवाचून ज्यांचं पान हलत नाही, ती माणसं एकमेकांचा चेहरा बघूनच बोलणार. म्हणून 'धाडस करा' असली भाषणं इथे कामाची नाहीत. पद्धत बदलली पाहिजे.

घरकुलाची यादी वाचली जाते तो दिवस बघण्यासारखा असतो. मुनादी झालेली असते. समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या, एका कोपऱ्यात बाया पदर सावरून बसलेल्या. ग्रामसेवक रजिस्टर उघडून एका सुरात नावं वाचत जातो. मध्येच एक नाव असं येतं की ज्याचं स्लॅबचं घर आणि अंगणातली चारचाकी सगळ्यांनी पाहिलेली असते. क्षणभर माणसं एकमेकांकडे बघतात आणि मग खाली बघतात. मागून एखादी म्हातारी विचारते, "माहं नाव नाई आलं का जी?" तिच्या कुडाच्या घरावर दर पावसाळ्यात ताडपत्री टाकावी लागते, हेही सगळ्यांना ठाऊक. "पुढच्या यादीत हाये तुमचं मावशी, बसा." शेजारची तिचा हात दाबते, "कायले बोलता जी आता, बसा ना." ती बसते. "सगळ्यायले मंजूर?" पुढच्या ओळीतून 'मंजूर' येतं, मागचे हात कोपरापर्यंत वर होतात. ठराव सर्वानुमते.

सह्या तर आधीच झालेल्या असतात. हजेरी म्हणून रजिस्टर फिरतं, कधी घरोघरी, आणि मजकूर नंतर सवडीनं लिहिला जातो. हजेरीची सही किरकोळ वाटते म्हणून कोणी अडून बसत नाही. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना विचारलं होतं, गाडी जपून चालवा असा मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू द्याल का? जेमतेम १७ टक्के तयार झाले. दुसऱ्या काही घरांत त्यांनी दोन आठवडे आधी जाऊन त्याच विषयाची एक लहानशी पाटी लावायला होकार मिळवला होता. त्यांच्यातले ७६ टक्के मोठ्या फलकालाही हो म्हणाले. लहान होकार घेऊन ठेवला की मोठा मागायला जड जात नाही, हे रजिस्टर फिरवणाऱ्याला कुठल्याही अभ्यासाशिवाय माहीत असतं. एकदा सही केलेला माणूस पुढे 'मी नव्हतो' म्हणू शकत नाही, आणि 'मला वाचून दाखवलं नाही' म्हणायला लाजतो.

गंमत वाटावी अशी गोष्ट नाही, पण याच महाराष्ट्रात एका विषयापुरतं शासनानं हे सगळं ओळखलेलं आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यावर गुप्त मतदान घेण्याची तरतूद झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. जिचा नवरा रोज त्याच दुकानाच्या ओट्यावर असतो, तिला भर सभेत हात वर करून 'दुकान बंद करा' म्हणता येत नाही. तिला संध्याकाळी घरी जायचं असतं. पडद्याआड मात्र ती आडव्या बाटलीवर शिक्का मारू शकते. दारूच्या बाबतीत जे सुचलं, ते रेतीघाटाच्या, गायरानाच्या, घरकुलाच्या बाबतीत का सुचू नये? तिथेही ज्याच्या विरोधात मत द्यायचं तो समोरच बसलेला असतो.

भीडेपेक्षा हुकमाची गोष्ट आणखी जड. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती आणि मजुराच्या तोंडाला फार तर दुपट्टा. त्या दिवसांत कोण कोणाचं ऐकत होतं, याची साखळी लावून पाहावी. मजुरानं मालकाचं ऐकलं. मालकानं कृषी केंद्रवाल्याचं ऐकलं, कारण उधारी त्याच्याकडे आणि कृषी सहायक हंगामात क्वचित दिसणारा. केंद्रवाल्यानं कंपनीच्या माणसाचं ऐकलं. साखळीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की वरच्याला जास्त कळतं आणि काही झालं तर जबाबदार तोच. डोळ्यांची आग होत होती, मळमळत होतं, तरी पंप पाठीवरून उतरला नाही.

येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून केलेले प्रयोग इथे आठवतात. समोरच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर वेळी झटका वाढवत न्यायचा, असं प्रयोग घेणारा सांगे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. पुढे या प्रयोगांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. सहभागी झालेल्यांपैकी काहींना संशय आला होता, आणि 'तुम्हाला दुसरा पर्यायच नाही' असं दरडावल्यावर माणसं उलट जास्त अडून बसत, हेही अभ्यासकांनी दाखवलं. मला त्यातला एक फरक महत्त्वाचा वाटतो. झटके देणाऱ्याच्या शेजारी आणखी दोन साथीदार बसवले आणि त्या दोघांनी 'आम्ही पुढे जाणार नाही' म्हणून खुर्ची सोडली, तेव्हा ४० पैकी चारच शेवटपर्यंत गेले. साहेब तोच, हुकूम तोच. शेजारी नकार दिसला, तेवढ्यानं पुरलं.

फवारणीलाही हेच लागू पडतं. 'हातमोजे, चष्मा, मास्क आणा, मग पंप उचलतो' असं एका मजुरानं म्हटलं तर उद्या त्याला काम नाही. फवारणीवरच्या चौघांनी मिळून म्हटलं तर मालकाला ऐकावं लागतं, कारण ऐन हंगामात दुसरे चार मजूर आणायचे कुठून? हे मी मालकांवर खार खाऊन लिहीत नाही. पाच एकरांचा मालक स्वतःही पंप पाठीवर घेतो, आणि त्या वर्षी मेलेल्यांत असेही होते.

दुसऱ्याचं पाहून वागणं मुळात वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये यातला फरक मांडला. माणूस कधी इतरांकडून माहिती मिळते म्हणून त्यांच्यामागे जातो, कधी इतरांना आवडावं म्हणून. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाल्यावर शेजाऱ्याच्या वावरात बोंडं किती लागली हे धुऱ्यावरून पाहून कास्तकारानं बियाणं घेतलं, ते शहाणपणच होतं. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तर गावानं एकत्र वागणंच बरं. डिसेंबरानंतरही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचा वाढीव कापूस, घेण्यासाठी पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, आणि एकट्यानं आपली उपटून काही होत नाही. तिथे सगळ्यांनी मिळून उपटली पाहिजे. म्हणजे एकीला माझा विरोध नाही. ती कशातून आली, ते मी विचारतो आहे.

तेरवी घ्या. कर्ता माणूस गेला, दवाखान्यात होतं नव्हतं ते संपलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि तेराव्या दिवशी गावजेवण. त्या घरी जेवायला बसलेल्यांना एकेकट्यानं विचारा. बहुतेक जण म्हणतात, कशाला हा खर्च करायला लावायचा त्यांना. घरचे म्हणतात, नाही केलं तर लोक काय म्हणतील. दोन्हीकडे इच्छा नाही आणि पंगत उठते आहे. प्रत्येकाला वाटतं की फक्त मलाच हे नको आहे, बाकी गावाला हवं आहे. अशा जागी एका घरानं आधी थांबवावं लागतं. शेंडगावच्या डेबूजीनं, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांनी, ते करून दाखवलं होतं. जातीच्या रीतीनं पोरीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण द्यायचं असे. त्यांनी गोडाचं जेवण दिलं. सोयरेधायरे चिडले, बोलले, आणि ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी आपला हट्ट ठेवला. तेव्हा ते कोणी संत नव्हते. मामाच्या वावरात राबणारा एक तरुण होता.

यावर गावाकडूनच एक उत्तर येतं आणि ते खोडून काढणं सोपं नाही. निवडणूक झाली की पैसा येतो, दारूचे खोके येतात, चुलतभाऊ पाच वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. त्यापेक्षा बिनविरोध बरं, एकोपा राहतो. मी अशी घरं पाहिली आहेत. पण त्या एकोप्याची किंमत कोणी भरली, ते पाहावं. पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं. बाईसाठी राखीव जागा असली तरी तिचं नाव ठरवणाऱ्या बैठकीत बाई नसते. अनुसूचित जातीच्या राखीव जागेचं नाव अनेकदा त्या मोहल्ल्याबाहेर ठरतं, आणि 'ऐकणारा' माणूस निवडला जातो. तिथल्या दुसऱ्या इच्छुकाला बोलावून समजावलं जातं. तो अर्ज मागे घेतो. भांडण टळलं हे खरं, पण त्याचं म्हणणं काय होतं ते गावानं ऐकलंच नाही. आणि न ऐकलेलं म्हणणं पुढे पाच वर्षं चहाच्या टपरीवर धुमसत राहतं.

एकमत खरंखुरं कसं होतं, हे पाहायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव वर्षानुवर्षं सर्वसहमतीनं निर्णय घेत आलं आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली सर्वसहमती आमच्या बिनविरोधासारखी दिसेल, पण तिची घडण उलटी आहे. आधी अभ्यासगट बसतो. त्यात कोणीही यावं, बाहेरच्या जाणकारानंही यावं, हवी तेवढी चर्चा करावी. पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि एखाद्याचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलून पुन्हा बोलायचं. म्हणजे एकट्या माणसाच्या नकारानं गाव थांबतं. आमच्याकडे गावाच्या घाईनं तो माणूस थांबतो. वेळ लागतो, हे त्यांनी मान्य केलेलं आहे. आपल्याला मात्र ग्रामसभा तासाभरात उरकायची असते, तीही गणपूर्ती झाली तर. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्याही जमत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला तर गणपूर्तीची अटच नाही.

विरोध करणाऱ्याला वाळीत टाकलं तर कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. जातपंचायतीच्या उघड फतव्याविरुद्ध तो हवाच होता. पण थ्रेशर 'आज रिकामं नाही' म्हणणं, हळदीकुंकवाचं बोलावणं विसरणं, पाण्याच्या पाळीत नाव शेवटी जाणं, याची फिर्याद कुठल्या ठाण्यात लिहून घेणार? म्हणून कायद्याच्या भरवशावर एकट्या माणसाला उभं करू नये. दोघांनी ठरवून जावं. सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६९ मध्ये सहा-सहा जणांच्या गटांना निळ्या रंगाच्या स्लाइड दाखवल्या. गटातले दोघे पढवलेले, ते रंग हिरवा सांगत. ते दर वेळी न डगमगता हिरवा म्हणाले, तेव्हा बाकीच्यांची ८ टक्क्यांहून अधिक उत्तरं हिरवी आली. ते कधी हिरवा, कधी निळा म्हणाले, तेव्हा सव्वा टक्का. थोडी संख्या बहुमताला हलवू शकते, पण तिनं दर सभेला तेच म्हणणं शांतपणे मांडलं पाहिजे. आमच्याकडे विरोध करणारा एका सभेत आरडाओरडा करतो आणि पुढच्या तीन सभांना येत नाही.

बाकी सोय करायला फार काही लागत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. ती खरोखर घ्यावी, आणि तिचं म्हणणं ग्रामसभेत सगळ्यांत आधी, पुढच्या ओळीतलं कोणी बोलायच्या आत, वाचून दाखवावं. सही घेण्याआधी ठरावाचा मजकूर पूर्ण लिहिलेला असावा आणि मोठ्यानं वाचावा. आमदार-खासदारांनी बिनविरोधासाठीचे पैसे त्याऐवजी गणपूर्तीसह चार ग्रामसभा घेणाऱ्या गावाला द्यावेत. आणि घरकुल, गायरान, रेतीघाट असा कोणाच्या ना कोणाच्या पोटावर येणारा विषय असला की हात वर करायच्या आधी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यावी. ज्याला लिहिता येत नाही त्यानं फुली मारावी किंवा गोल काढावा. शाळेचा एखादा मास्तर आणि बचत गटातली एखादी बाई सगळ्यांसमोर मोजतील. ठरावाचं मतदान रूढ पद्धतीनंच होऊ द्या, त्याला हात लावायचा नाही. फक्त चिठ्ठ्यांचा आकडा आणि हातांचा आकडा शेजारी-शेजारी रजिस्टरात लिहायचा. दोन्ही जुळले तर ठराव तालुक्याला पाठवावा. चिठ्ठीवर साठ जण नको म्हणत असतील आणि सभेत चारच हात खाली राहिले असतील, तर विषय तिथेच थांबवून पंधरा दिवसांनी पुन्हा सभा बोलवावी.